डब्यातली जांभळी आई

प्रयोंग तिसरा प्लॅस्टिकचा डबा घेऊन घरी आला, तेव्हा तो डबा दारातून आडवाही जाईना आणि उभाही जाईना. शेवटी त्याने तो डोक्यावर उपडा घातला आणि वाकून आत शिरला. पुढच्या खोलीत बाजेवर त्याची थोरली बहीण लमाय पडली होती. डब्याखालून चालत येणारे दोन पाय तिने लगेच ओळखले.

"हा तिसरा," ती म्हणाली. "कुणाचा मुडदा पाडलायस का रे? तुकडे ठेवायला लागतायत?"

"कपडे ठेवायचेत, ताई. थंडीचे."

"आपल्याकडे थंडी कधी पडली?"

 अडुसष्ट वर्षांत प्रयोंगने स्वेटर एकदाच घातला होता. पाटबंधारे खात्याची सहल उत्तरेच्या डोंगरात गेली होती तेव्हा, आणि त्या सहलीतून तो अंगभर घामोळं घेऊन परतला होता. तो डबा घेऊन जिना चढू लागला. डबा प्रत्येक पायरीवर आपटत होता आणि साऱ्या गल्लीला ऐकू जात होता. गुपचूप करायच्या कामाची ही अशी सुरुवात झाली.

प्रयोंगला लपवाछपवीचा सराव नव्हता, हेच खरं. बांग प्ला गावच्या कालव्यावर पाण्याचं दार राखायची नोकरी त्याने छत्तीस वर्षं केली. सकाळी सहाला पाण्याची पातळी वहीत लिहायची, दार उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एकच गुन्हा घडला होता. खात्याची पेन्सिल चुकून घरी आली होती. ती त्याने दुसऱ्या दिवशी टोक करून परत केली. असा हा माणूस आता घराच्या माडीवर गांजाचं झाड लावायला निघाला होता. त्या काळी घरात तसलं झाड सापडलं की सरळ तुरुंग होता, आणि हे प्रयोंगला कुणी सांगायची गरज नव्हती. 

हे सगळं चाललं होतं ताईसाठी. नवरा गेल्यावर ती दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाकडे राहायला आली. प्रयोंगची बायको त्याच्या आधीच गेलेली. दोघांचं बरं चाललं होतं. पण यंदाच्या सोंगक्रानपासून, म्हणजे उन्हाळ्यातल्या नववर्षाच्या सणापासून, ताईने जेवण टाकलं. भाताचे चार घास कसेबसे चिवडायची आणि ताट सारायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. सगळं ठीक होतं, फक्त बाई खात नव्हती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा प्रयोंग तिच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"काय करू म्हणजे खाशील? सांग तरी!"

ताई पंख्याकडे बघत म्हणाली, "आईच्या होडीवर असते ना, तर खाल्लं असतं."

ते ऐकून प्रयोंगला एकदम गलबलून आलं. आईची होडी! मधोमध चूल आणि चुलीवर रश्श्याचं मोठं पातेलं. आई पाय दुमडून बसलेली. मागे अकरा वर्षांची लमाय वल्हं मारतेय आणि पुढच्या टोकाला तीन वर्षांचा प्रयोंग, पाण्यात पडू नये म्हणून कमरेला फडकं बांधून होडीला जखडलेला. काठाच्या पायऱ्यांवर माणसं थांबलेली असायची. "लमाय, इकडे आण गं!" अशा हाका यायच्या. आई तांदळाच्या शेवया उकळत्या पाण्यातून काढायची, रस्सा ओतायची, तळलेला लसूण भुरभुरायची आणि वाडगा हातोहात काठावर जायचा. वाडगे लहानच असत, म्हणजे देताघेताना सांडत नसत. माणसं सहा-सहा वाडगे खात आणि तरी जाताना मान वळवून होडीकडे बघत.

त्या रश्श्याचं गुपित घरामागे वाढायचं. मिरचीची रोपं, गवती चहा, तुळस आणि त्यांच्या पलीकडे ते एक झाड. आई त्याची दोन पानं तळहातावर चोळून पातेल्यात टाकायची. तेव्हा त्याला कुणी नशा म्हणत नसे. कोंबडी बेचव झाली तर शेजारीण येऊन हक्काने दोन पानं मागून न्यायची. मग एके वर्षी सरकारी माणसं आली आणि घरोघरची झाडं उपटून घेऊन गेली. आई पदराला हात पुसत दारात उभी राहून बघत होती. "मिरच्या तरी ठेवा," एवढंच ती म्हणाली.

तर ते पान पाहिजे होतं. कालव्यावरचा जुना सोबती येम याने चार बिया आणून दिल्या आणि वर "मी तुला ओळखत नाही" असं बजावून तो निघून गेला. राहता राहिला प्रश्न जागेचा. अंगणात लावावं तर अंगण म्हणजे गल्लीच. म्हणून डबे.

पहिला डबा घरी आल्यावर प्रयोंगच्या लक्षात आलं, की तो पारदर्शक आहे. लपवायची वस्तू काचेच्या कपाटात ठेवल्यासारखी झाली असती. दुसरा डबा रंगाने चांगला काळाकुट्ट होता, पण उंचीला कमी. म्हणून पहिल्याचा नाद सोडून तिसरा अगदी दुसऱ्यासारखाच आणला आणि दुसऱ्यावर तो झाकणासारखा उपडा घातला. आतून स्वयंपाकघरातला चांदीचा कागद चिकटवला. कागद त्याच्या कोपरालाही चिकटला आणि दोन दिवस तो चमकत फिरला. मग दिवा आणायला गेला.

"ऑर्किडसाठी पाहिजे," तो दुकानातल्या मुलीला म्हणाला.

"काका, ऑर्किड बाहेर उजेडात छान वाढतं की."

"आमचं लाजाळू आहे."

तिने त्याला एक जांभळट उजेडाचा दिवा दिला. हवा खेळती राहावी म्हणून मोडक्या कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा मिळवला. तो चालू झाला की कुणीतरी दूरवर मंत्र म्हणतंय असा एकसुरी आवाज यायचा. डब्यांना धरायला दोन्ही बाजूंना खाचा होत्या. त्या बुजवल्या तर झाड गुदमरेल म्हणून तशाच ठेवल्या. मग पेटी ठेवायची कुठे? प्रयोंगने दोन दिवस विचार केला आणि माडीवरच्या देवघराच्या कोपऱ्याची निवड केली. बुद्धाच्या फळीखाली, जरा बाजूला. तिथे कुणी उचकापाचक करणार नाही. शिवाय वास आला तर उदबत्ती लावायची. हा विचार सुचल्यावर प्रयोंग स्वतःवर इतका खूश झाला, की त्याने एक गाणंही गुणगुणलं.

चारपैकी एक बी रुजली. प्रयोंग पहाटे उठून पेटी उघडायचा, पट्टीने रोपाची उंची मोजायचा आणि जुन्या सवयीने वहीत लिहायचा. रोज तीनदा उदबत्त्या लावायचा. ताई आजारी म्हणून तिने निदान लाल सरबत तरी प्यावं या आशेने तो बाटल्या आणायचा. ती दोन घोट घेऊन सोडायची आणि उरलेली बाटली तो माडीवर जाताना सोबत न्यायचा.

हे सगळं समोरच्या सम्लीमावशी बघत होत्या. सम्लीमावशी गल्लीच्या तोंडाशी भाजलेली केळी विकत आणि उरलेला सगळा वेळ बघत. त्यांनी काय पाहिलं? कधी देवळात न जाणारा प्रयोंग अचानक दिवसातून तीनदा उदबत्त्या लावतो. लाल सरबताच्या बाटल्या वर नेतो, आणि लाल सरबत देवदेवतांपुढे ठेवतात हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. दिवेलागणीला त्याच्या माडीच्या झडपांतून जांभळा उजेड झिरपतो. आणि कान दिला तर वर कुणीतरी अखंड मंत्र म्हणतंय.

"प्रयोंग, वर कोण आलंय रे?" एके संध्याकाळी त्यांनी विचारलं.

प्रयोंगच्या हातातली बाटली निसटता निसटता राहिली. "कोण? कुणी नाही. तुम्ही... मावशी, हे कुणाला बोलू नका हं."

"छे! मी कशाला बोलू?" असं म्हणून सम्लीमावशींनी दोन्ही हात जोडले आणि माडीच्या दिशेने कपाळाला लावले.

प्रयोंगला वाटलं, संकट टळलं. पण दोनच दिवसांनी मावशी ताईसाठी केळी घेऊन आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "वर जाऊन जरा पाया पडून येऊ का?"

"जा बाई," ताई म्हणाली. "आणि तो वर दिवसभर काय करतो ते मलाही येऊन सांग."

जिन्यावर पावलं ऐकून प्रयोंगच्या तोंडचं पाणी पळालं. पेटीचं वरचं झाकण उघडं होतं. त्याने ते धाडकन बंद केलं, हाताला लागलं ते फडकं पेटीभोवती गुंडाळलं आणि गाठ मारली. ते फडकं बायकोचं जुनं रेशमी सातरंगी होतं. आता आपल्याकडे रंगीत वस्त्र गुंडाळलेलं झाड दिसलं, तरी माणूस वाहन थांबवून नमस्कार करतो. इथे तर सातरंगी वस्त्र, उदबत्तीचा धूर, जांभळं तेज आणि वरून मंत्रघोष. सम्लीमावशी दारातच गुडघ्यांवर बसल्या.

"आई गं!" त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून त्यांनी फडक्याखालून दिसणारा डब्याचा कोपरा पाहिला. तिथे कारखान्याने डब्यात किती लिटर मावतं ते कोरलं होतं. पंच्याऐंशी.

मावशींनी तो देवाचा कौल समजून लॉटरीला लावला. सोळा तारखेला लॉटरी फुटली आणि शेवटचे दोन आकडे निघाले पंच्याऐंशी.

सम्लीमावशींनी "कुणाला बोलणार नाही" हे वचन निकाल लागल्यापासून पहिली सात मिनिटं पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोंगने झडप उघडली तर खाली चप्पलांचा ढीग लागला होता. माणसं फुलांच्या माळा घेऊन आली, उकडलेली अंडी घेऊन आली, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन आली. एका बाईने जरीकाठी पोशाख आणला आणि तो कुठे चढवायचा म्हणून विचारलं. कुणीतरी नाव ठेवलं, जांभळी आई. संध्याकाळपर्यंत ते पलीकडच्या गावापर्यंत पोचलं.

"इथे काही नाही हो!" प्रयोंग जिन्यात उभा राहून सांगायचा. "साधा डबा आहे. कपड्यांचा."

"खरं मोठेपण असं असतं," लोक म्हणायचे. "बघा किती लपवतोय."

ताईने खाली बाजेवर बसून सगळ्यांचा ताबा घेतला होता. "एका वेळी चौघेच वर जा. नारळ इथे ठेवा. तू कोण, चमलोंगचा मुलगा का? आईसारखाच नाकाने चपटा आहेस." तिचा आवाज माडीवर ऐकू येई. प्रयोंगला मात्र खाली उतरायची सोय उरली नव्हती. लोक डब्यावर पावडर चोळून आकडे शोधायचे, कुणी कान लावायचं, कुणी झाकणाच्या फटीत बोट घालायचं. तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पेटीला पाठ लावून बसायचा. आतलं झाड आता गुडघाभर झालं होतं आणि एक पान खाचेतून बाहेर डोकावत होतं. ते तो पुन्हा पुन्हा आत ढकलायचा आणि ते पुन्हा पुन्हा बाहेर यायचं.

तेवढ्यात एक चमत्कार सुरू झाला आणि तो मात्र खरा होता. तरुण माणसं आकडे बघून निघून जायची. पण साठी उलटलेलं कुणी पेटीपाशी बसलं, की उदबत्तीच्या धुराखालून त्याला दुसराही एक वास लागायचा. मग तो माणूस आकडे विसरायचा. मान खाली घालायचा. एक म्हातारा सुतार जागेवरून उठेचना.

"काय दिसलं काका?" मागच्याने विचारलं. "कुठला आकडा?"

"आकडा नाही रे," सुतार म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माझी आई दिसली. कोंबडीचा रस्सा ढवळत होती. मला भूक लागली."

त्या दिवसापासून म्हातारी माणसंच जास्त येऊ लागली. कुणाला आजी दिसली, कुणाला मावशीचं स्वयंपाकघर, कुणाला पुरात वाहून गेलेलं घर. सगळी डोळे पुसत आणि भुकेजून खाली उतरायची. प्रयोंग ऐकत बसायचा. आपणही त्याच काळातले आहोत, हे त्याला इतक्या वर्षांनी कुणीतरी सांगितल्यासारखं वाटत होतं. भीती होतीच, पण तिच्यासोबत एक उबदार दुःखही येऊन बसलं होतं.

आणि मग बूट काढल्याचा आवाज आला. हवालदार थवत पूर्ण गणवेशात जिना चढून वर आला.

प्रयोंगची पाचावर धारण बसली. थवत चाळिशी उलटलेला जाडजूड माणूस, अख्ख्या बांग प्लात त्याच्या दंडुक्याचा दरारा. तो मांडी घालून बसला, हात जोडले, डोळे मिटले आणि नाकाने लांब श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. खाचेतलं पान नेमकं त्याच्या कानापाशी हलत होतं.

"उदबत्ती कसली ही काका?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"चं... चंदन."

"हं," थवत म्हणाला. "मला वाढवलं आजीने. नदीपलीकडच्या आडगावात. सुट्टीच्या दिवशी कोंबडी करायची. मी चुलीपाशीच झोपायचो, म्हणजे पहिला वाडगा मला." त्याने डोळे उघडून त्या पानाकडे सरळ बघितलं, दोन बोटांनी ते हळूच आत ढकललं आणि उठला. "सांभाळा काका," एवढंच म्हणून तो गेला. 

इथपर्यंत निभावलं असतं. पण सम्लीमावशींनी पुढाकार घेऊन एक मंडळ स्थापन केलं होतं आणि मंडळाने ठरवलं, की देवी अशी माडीवर अंधारात ठेवणं बरं नाही. तिला वाजतगाजत मिरवत मठाच्या आवारात न्यायचं आणि कायमचं देऊळ बांधायचं. ढोलताशे ठरले. मठातल्या वृद्ध भन्तेंना आधी येऊन पाहून जा म्हणून विनंती झाली.

भन्ते चौऱ्याऐंशी वर्षांचे. दोघांनी धरून त्यांना सकाळी माडीवर आणलं. प्रयोंग भिंतीला टेकून उभा होता आणि ताईला तुरुंगात भेटायला कोण आणेल, याचा विचार करत होता. भन्ते पेटीसमोर बसले, नाक वर केलं आणि म्हणाले, "सगळे खाली जा. प्रयोंग, तू थांब."

सगळे खाली गेले. "उघड," भन्ते म्हणाले.

प्रयोंगने फडकं सोडलं, झाकण काढलं. जांभळ्या उजेडात ते झाड उभं होतं. उभं कसलं, झाकणाला डोकं लागून वाकलं होतं.

"अरेरे," भन्ते म्हणाले. "बिचारीची मान अवघडली की."

प्रयोंगने लोटांगण घातलं आणि सगळं सांगून टाकलं. ताईचं न खाणं, आईची होडी, बिया, ऑर्किड, पंच्याऐंशी. भन्ते ऐकत राहिले. मध्येच त्यांनी एक पान चोळून वास घेतला. "आमच्या मठामागेही होतं," ते म्हणाले. "मी दहा वर्षांचा होतो. स्वयंपाक्याच्या मागे मागे असायचो." मग त्यांनी हात पुढे केला आणि प्रयोंगने त्यांना जिन्याच्या तोंडाशी आणलं.

जिन्याखाली सगळी गल्ली माना वर करून उभी होती. भन्ते खोटं बोलू शकत नाहीत हे सर्वांना ठाऊक होतं. 

"भन्ते, आत कोण आहे?" सम्लीमावशींनी विचारलं.

"आत जी आहे," भन्ते म्हणाले, "ती पूर्वी आपल्या सगळ्यांच्या परसात राहायची. मग एके दिवशी तिला हाकलून दिलं. आणि आपण कुणी काही बोललो नाही."

 दोनचार बायकांनी पदराने डोळे पुसले.

"तिला हलवू नका. मिरवणूक नको, देऊळ नको. तिला गाजावाजा सोसायचा नाही." एवढं सांगून भन्ते दोघांच्या आधाराने निघाले.

सगळ्यांच्या मागे थवत उभा होता. गर्दी पांगल्यावर तो प्रयोंगजवळ आला आणि इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "काका, देवी एक तारखेच्या आत परलोकी गेलेली बरी."

"का हो?"

"एक तारखेला जिल्ह्याहून मोठे साहेब येतायत. नंबर विचारायला. साहेबांचं नाक माझ्याएवढं भाविक नाही."

त्याच दुपारी प्रयोंगने देवीला मुळासकट उपटलं. मनाला फार लागलं. रोज सकाळी तिची उंची मोजून मोजून माया जडली होती. देठमुळं जाळून राख कालव्यात सोडली आणि पानं घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. कोंबडी शिजवली, आई करायची तशी, आठवेल तशी. शेवटी दोन पानं तळहातावर चोळली आणि पातेल्यात टाकली. उरलेली पानं चुलीत गेली. घरभर वास सुटला.  साठाहून अधिक वर्षांनी ताईच्या तोंडात आईची चव पडणार होती.

तो वाडगा घेऊन पुढच्या खोलीत आला आणि थांबला. इतक्या दिवसांत तो दिवसाउजेडी पहिल्यांदाच खाली नीट बघत होता. ताईच्या बाजेखाली अंड्यांची टरफलं होती. केळीच्या साली होत्या. चिकट भाताची रिकामी पानं होती, कोंबडीची हाडं होती, नारळाची करवंटी होती. ताईच्या गालांवर चांगली लाली आली होती आणि बांगड्या मनगटात घट्ट बसल्या होत्या.

"ताई, हे सगळं कुणी खाल्लं?"

"मी. देवी कुठे खातेय?"

प्रयोंग मटकन खाली बसला. ताईने त्याच्या हातातला वाडगा घेतला, फुंकर मारून चमचाभर रस्सा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. प्रयोंग श्वास रोखून बघत होता.

"लसूण जाळलास," ती म्हणाली.

"आणि पान? पानाची चव लागतेय ना, आईच्या हातची?"

"मला काय ठाऊक? ते पान गिऱ्हाइकाच्या रश्श्यात पडायचं. आपल्याला आई तळचा खरवडलेला भात द्यायची आणि त्यावर माशाचं पाणी. तुला कसं आठवेल, तू तर फडक्याने बांधलेला असायचास."

"अगं, मग होडीवर असते तर खाल्लं असतं, असं कशाला म्हणालीस?"

ताईने वाडगा मांडीवर ठेवला. "होडीवर माणसं असायची, प्रयोंग. हा बोलवतोय, ती भांडतेय, कुणाचं लग्न ठरलंय, कुणाची म्हैस बुडालीय. मी वल्हं मारता मारता तो खरवडलेला भात खायची आणि गोड लागायचा रे. इथे भिंतीकडे बघत एकटीने किती खाणार? तुझं तर जेवताना सगळं लक्ष टीव्हीवर. कुठल्या धरणात किती पाणी, ते ऐकत असतोस."

प्रयोंगला स्वतःची अशी लाज वाटली की मान वर करवेना. तीन डबे, एक दिवा, एक पंखा आणि तुरुंगाचं भय. आणि करायचं होतं काय, तर दोन वेळा बहिणीशेजारी ताट घेऊन बसायचं होतं. तेवढ्यात वासावर सम्लीमावशी आल्या. सुतार आला. गणवेश घरी ठेवून थवत आला आणि पातेल्यात डोकावून, काय आहे ते नीट ओळखून, सर्वांत मोठा वाडगा घेऊन बसला. त्या संध्याकाळी पातेलं पुसून निघालं आणि ताई हसून हसून दमली.

जांभळी आई स्वगृही गेली, अशी बातमी दुसऱ्या दिवशी गल्लीत पसरली. माडीवर अंधार झाला, पंखा बंद पडला आणि लोक यायचे थांबले. एक तारखेला जिल्ह्याचे साहेब आले, रिकामा डबा पाहून हळहळले आणि परत गेले. प्रयोंग आता टीव्ही बंद करून ताईशेजारी जेवायला बसू लागला. पण छत्तीस वर्षं कालव्यावर पाणी मोजत काढलेल्या माणसाकडे बोलण्यासारखं असतं किती? पहिल्या दिवशी त्याने पाण्याच्या पातळीबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशीही पाण्याच्या पातळीबद्दलच सांगितलं. तिसऱ्या दिवशी ताईने अर्धं ताट सारलं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला तो दाराशी उभा होता. गल्ली सामसूम होती. समोर सम्लीमावशी केळी उलटवत होत्या आणि सवयीने त्याच्या माडीकडे बघत होत्या.

"प्रयोंग," आतून ताईची हाक आली, "तो वरचा दिवा अजून आहे ना?"

"दिवा आहे गं. पण डब्यात काही नाही आता."

"पूर्वी तरी कुणी झाकण काढून बघत होतं का? आता तर हवालदाराचीही भीती नाही. जा, लाव तो दिवा आणि उदबत्तीही लाव. माणसं यायची वेळ झाली," ताई बाजेवर उठून बसत, केस सारखे करत म्हणाली. "मला भूक लागलीय."